चुन्याचे पट्टे

मी संशयी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. मागून कोणी बोट दाखवायला नको. वीस-बावीस वर्षं अंगणवाडी चालवल्यावर माणसाचं दुसरं काय होणार? आई म्हणते पोरगं जेवलंच नाही, पोरगं म्हणतं जेवलो, आणि वजनकाटा तिसरंच सांगतो. दूधवाल्याच्या चरवीत बोट बुडवल्याशिवाय मी पातेलं पुढं करत नाही. तेव्हा ढोरांच्या दवाखान्यातले नवे डॉक्टर आमची पुढची खोली भाड्यानं मागायला आले, त्या दिवशी मी दारातच उभी राहिले आणि त्यांना पायापासून डोक्यापर्यंत नीट पाहून घेतलं.

पन्नाशीचा, सडा माणूस. बोलणं तिकडचं, सातारा-सांगलीकडचं. नाकाचं साल उन्हानं निघालेलं आणि पाठीवर एवढं मोठं गाठोडं की मागून पाहिलं तर गाठोडंच चालत आलं असं वाटावं. खोली बघायला आलेला माणूस पाणी किती वेळ येतं ते विचारतो, लाइट जाते का विचारतो. यांनी विचारलं, "ताई, गच्चीवर दुपारी वारा कुठून येतो?"

आता बोला. मी म्हटलं, "वरतून येते." तर त्यांनी खिशातून वही काढली आणि ते खरंच लिहून घेतलं.

आमचं गाव घाटाच्या पायथ्याशी आहे. वर पठारावर बुलडाणा, खाली मोताळ्याकडं पसरत गेलेली काळी वावरं, आणि मधे घाटाची उभी भिंत. इथं बदली झालेला माणूस तोंड वाकडं करून येतो आणि पहिल्या दिवसापासून परत जायच्या खटपटीला लागतो. हे डॉक्टर मात्र मागून घेऊन आले होते. कोणी मागून आमच्याकडं येतं का? माझ्या मनात पहिली पाल तिथंच चुकचुकली.

चौथ्या दिवशी त्यांनी ते गाठोडं गच्चीवर उलगडलं. निळं-केशरी कापड निघालं, गच्ची भरली आणि वर कठड्यावरून खाली लोंबलं. त्याला बारीक बारीक दोऱ्या, मोजता येणार नाहीत इतक्या. डॉक्टर दवाखान्यात गेल्यावर मी शेजारच्या मेहबूबभाई टेलरला बोलावून आणलं. कापडातलं त्यांना कळतं. त्यांनी दोन बोटांत कापड चोळलं, उजेडाला धरलं, तोंड लावून फुंकून पाहिलं आणि खाली आल्यावर हळूच म्हणाले, "बाई, हा कपडा आपल्या इकडचा नाही. याच्यातून ना पानी जात, ना हवा. शरीफ आदमी असा कपडा कायले ठेवंन?"

संध्याकाळी मी सरळ विचारलंच. डॉक्टर म्हणाले, हा पंख आहे. घाटाच्या कड्यावरून हा घेऊन पळायचं, हवा धरली की पाय सुटतात, मग वर खाली फिरत राहायचं आणि शेवटी एखाद्या मोकळ्या वावरात उतरायचं. पॅराग्लायडिंग म्हणतात. पुण्याकडं शिकले होते. मी विचारलं, याचं सरकार काही देतं का? नाही म्हणाले. मग कशासाठी? तर म्हणे, हौस.

हौसेनं माणूस भजनात बसतो, कबुतरं पाळतो, शंकरपटाला बैलजोडी घेऊन जातो. सरकारी नोकरीतला शिकलेला माणूस हौसेनं कड्यावरून उडी घेत नाही. यात काहीतरी असलंच पाहिजे, असं मी त्याच दिवशी मनाशी ठरवून टाकलं.

गावाचं तर विचारूच नका. ज्याच्या पोटात जे होतं, ते त्याला डॉक्टरांच्या डोळ्यात दिसायला लागलं. ज्याचा मोटारपंप तारेवर आकडा टाकून चालायचा, तो म्हणाला हे लाइटवाल्यांचं माणूस, वरून आकडे मोजते. ज्यानं ई-क्लासच्या सरकारी जमिनीत चार वर्षांपासून तूर पेरली होती, त्याच्या मते तहसीलीनं धाडलेलं. एका घरी सुनेला दोनदा माहेरी हाकललं होतं. त्या घरच्या सासूनं पाणी भरताना सांगितलं की सुनेच्या बापानंच हा माणूस पाठवला, आपलं अंगण पाहायला. मी सगळ्यांचं ऐकून घेत होते आणि कोणाचंच खरं धरत नव्हते.

त्यांच्या वागण्यानं या संशयाला रोज नवं खाद्य मिळायचं. त्यांनी माझं एक जुनं लुगडं मागून घेतलं, त्याच्या पट्ट्या फाडल्या आणि गावाभोवतीच्या बाभळींना, खांबांना बांधून टाकल्या. वारा कळावा म्हणून. दोन दिवस बायका त्या रस्त्यानं जाईनात, करणी केली म्हणून. तिसऱ्या दिवशी एकीनं त्यातल्या एका बाभळीला नारळ फोडला. मग तिथं नवसाच्या चिंध्या लागल्या, आणि डॉक्टर बिचारे त्या चिंध्यांकडंही बघून वही भरायचे.

त्यांच्याकडं एक लहान यंत्र होतं. ते वर गेलं की टी-टी-टी करायचं आणि खाली आलं की रडका सूर काढायचं. उडताना हवा वर नेते की खाली, ते त्यावरून कळतं म्हणे. ते खिशात ठेवूनच डॉक्टर घरात वावरायचे. जिना चढले की टी-टी-टी. उतरले की रडका सूर. मला स्वयंपाकघरात बसून कळायचं की हा माणूस आत्ता कुठल्या पायरीवर आहे. संशयी बाईला अजून काय पाहिजे?

ढोरांशी ते अहो-जाहो करत. "जरा पाय उचला बघू," असं म्हशीला म्हणायचे आणि म्हैस उचलायची. ढोराच्या मालकाशी मात्र दोनच शब्द. मी एकदा विचारलं की माणसांशी काऊन बोलत नाही तुम्ही. ते म्हणाले, "जनावर लंगडतं तेव्हा ते खरंच लंगडत असतं, ताई. मला तेवढंच समजतं."

आणि ते कोणाचंही काहीही खरं मानायचे. हे मला सगळ्यात जास्त खुपायचं. एकानं सांगितलं, पाहुणे आले म्हणून गाय आणता आली नाही, तर डॉक्टर स्वतः त्याच्या घरी गेले. पाहुणे नव्हतेच. तर म्हणाले, गेले असतील. खोलीला कुलूप घालत नसत. त्यांच्या खोलीत शिरून मी किती वेळा काय काय उघडून पाहिलं हे त्यांना ठाऊक होतं, कारण मी वह्या उलट्या ठेवायची. कधी चकार शब्द काढला नाही. एवढा साधा माणूस खरा असूच शकत नाही, असं मी मेहबूबभाईंना म्हणायची. मेहबूबभाई म्हणायचे, "बाई, तुम्ही जरा झोपत जा."

थंडी पडली, उत्तरेचा वारा घाटावर दाबायला लागला, तेव्हा रविवारी सकाळच्या एसटीनं ते गाठोडं घेऊन वर जायला लागले. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी माझ्या वावरात कापूस वेचत होते. घाटाच्या कडेवरून ते निळं-केशरी सुटलं, आणि पडेल पडेल म्हणता वरच गेलं. खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर काटा आला. ओटीतला कापूस तसाच राहिला. इतकं चांगलं काही मी आमच्या गावावर याआधी पाहिलं नव्हतं. मग ते माझ्याच वावरावर येऊन तीन घिरट्या मारून गेले, आणि माझा काटा तिथंच बसला. एवढं मोठं रान सोडून माझ्याच वावरावर काऊन? विचारलं तर म्हणे, तिथं घारी फिरत होत्या. घार फिरते तिथं वर जाणारी हवा असते, घार फसवत नाही.

आता माझं दुखणं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माझं वावर आणि माझ्या थोरल्या दिरांचं वावर लागून आहे. मधे सासऱ्यांनी दगड रोवून घातलेला धुरा, म्हणजे बांध. नवरा वारला तेव्हापासून मला पक्कं वाटायचं की दीर दरसाल वखरताना एक-एक तास, म्हणजे औताची एक-एक ओळ, धुरा कोरतात आणि माझ्याकडं सरकतात. विधवा बाई, औत दुसऱ्याचं, कोण बघतं? मी मोजणीचा अर्ज केला होता. दिरांनीही उलटा केला. मोजणीवाले कधी येतील त्याचा नेम नव्हता, आणि तोवर त्यांचं-माझं बोलणं बंद होतं. पाच वर्षं झाली होती. घराची मागची भिंत एक, त्यांच्या घरातली खोकल्याची उबळ मला ऐकू येते, पण बोलणं नाही.

म्हणून मी डॉक्टरांना म्हटलं, तुम्ही वरून बघता, तर एकदा आमचा धुरा बघून सांगा की कोण कोणाच्या अंगावर गेलं. त्यांनी ते फार मनावर घेतलं. दोन रविवार बघितलं. मग एका सकाळी वही घेऊन माझ्या ओट्यावर बसले आणि एक रेघ काढली. वरती सरळ, खाली सरळ, मधे पोट आलेलं.

"हे पोट दिरांच्या वावरात गेलंय, ताई. म्हणजे सरकला असेल तर धुरा तुमच्या बाजूनं सरकलाय."

"मी काय औत धरते?"

"मिस्टर होते तेव्हा ते धरत असतील."

इतकं सरळ तोंडावर. मेलेल्या माणसावर. माझं डोकं असं फिरलं की मी चहाचा कप त्यांच्या हातातून काढून घेतला. मग आठवलं, त्याच आठवड्यात दिरांची म्हैस अडली होती आणि डॉक्टर तिथं अर्धा दिवस होते. चहा पिले, जेवले. झालं! मासा गळाला लागला. आपल्या घरात राहून आपल्याच मुळावर उठलेला माणूस. त्या दिवसापासून मी त्यांना ठेचा द्यायचा बंद केला. भाकरी दिली, कारण ठरलेली होती, पण ठेचा नाही.

आणि मग त्यांनी चुना आणला. उतरायची जागा वरून दिसावी म्हणून नाल्याकाठच्या पडीतात त्यांना मोठी फुली मारायची होती. सरपंचाला विचारून दोन पोती फक्की घेतली आणि एका दुपारी स्वतःच्या हातानं गोल काढला, मधे फुली काढली. एवढंच. पण बघणाऱ्यांच्या डोक्यात काय होतं? त्याच्या आदल्या साली गावठाणाची ड्रोननं मोजणी झाली होती. आपापल्या घराच्या हद्दीवर फक्की मारा, ड्रोन वरून फोटो काढील, असं सरकारनं सांगितलं होतं. ज्यानं ओट्याच्या पुढं दोन हात फक्की ओढली आणि शेजारी गप्प बसला, त्याचा ओटा दोन हात वाढला. हे गाव विसरलेलं नव्हतं. आता सरकारी डॉक्टर वरून उडतो, वह्या लिहितो, आणि आज त्यानं फक्की मारली. म्हणजे वावरांची मोजणी सुरू झाली! दिवस मावळायच्या आत हे घरोघर झालं.

दोन दिवसांत दुकानातला चुना संपला. लोकांनी रांगोळी नेली. शहाणीसुरती माणसं डब्यातून फक्की सांडत धुऱ्याधुऱ्यानं चालली होती, आणि प्रत्येकाची रेघ शेजाऱ्याच्या अंगावर थोडी जास्त. मी हसत होते का? मी अंगणवाडीच्या भिंतीसाठी आलेलं चुन्याचं पोतं उचललं, भर दुपारी वावरात गेले, आणि धुऱ्यापासून चार पावलं दिरांच्या वावरात शिरून या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढली. त्यांचं सोयाबीन निघालेलं होतं, रान मोकळंच होतं. दुसऱ्या दिवशी जाऊन बघते तर दिरांनी माझ्या कपाशीच्या दोन ओळी, उभी पऱ्हाटी, उपटून फेकलेली आणि माझ्या वावरात पांढरी रेघ. बरोबर चार पावलं.

मधे राहिला तो आमचा खरा धुरा. गुडघ्याएवढ्या वाळक्या गवतात सासऱ्यांचे दगड.

त्या रविवारी मी माझी रेघ राखायला वावरात उभी होते. पलीकडं दीर त्यांची रेघ राखत होते. एकमेकांकडं पाठ करून. डॉक्टर वर होते. एकाएकी वारा पडला, आणि ते नाल्याकडं जाता जाता खालीच यायला लागले. पडीत काही गाठता येईना. मग ते आमच्याकडं वळले. मी दोन्ही हात हलवून ओरडायला लागले की इकडं नको, तिकडं जा. दीरही तसेच हात हलवत होते. आमच्या रेघा पुसल्या असत्या ना! डॉक्टर नीट दोन रेघांच्या मधे आले, पाय खाली सोडले, आणि गवतात गेले.

हाड मोडल्याचा आवाज मी तोवर ऐकला नव्हता. पळत गेले तर पाय गुडघ्याखाली नको तिकडं वळलेला, आणि दगड तिथंच. दीर माझ्याआधी पोचले होते. पाच वर्षांनंतर ते मला पहिलं वाक्य बोलले, "धर वं तिकून." मी धरलं. डॉक्टरांचा चेहरा चुन्यासारखा झाला होता, तरी ते आमच्या दोघांकडं बघत होते, आणि त्यांचे डोळे भरले होते. मला वाटलं दुखण्यानं.

"ताई, भाऊ, तुम्ही माझ्यासाठी एवढा लांब पट्टा आखला," ते म्हणाले. "उभी पऱ्हाटी काढलीत. वरून बघितलं आणि मला खरंच वाटेना. किती गावांत उतरलो मी. लोक दगड मारतात, पोलिसाला बोलावतात. असं आजवर कोणी केलं नाही."

दिरांनी माझ्याकडं पाहिलं. मी दिरांकडं पाहिलं. मग दोघांनी मिळून त्यांना उचललं.

दोन महिने ते माझ्या पुढच्या खोलीत पाय प्लास्टरमधे घालून पडून होते. गाव येऊन भेटून जायचं. डॉक्टर प्रत्येकाचा हात हातात घेऊन आभार मानायचे, कारण वरून त्यांनी सगळ्यांच्याच रेघा पाहिल्या होत्या. सगळ्या गावानं आपल्याला दिशा दाखवायला फक्की मारली, असं त्यांनी धरलं होतं. बहिणीला फोनवर तेच सांगायचे. आणि लोक? लोकांनी ते घेतलं की हो! तारेवर आकडा टाकणारा म्हणाला, डॉक्टरसाहेब, तुमच्यासाठी एवढं नाही करणार तर काय? सरपंचानं तर ग्रामसभेत सांगितलं की हे आपल्या गावाचे संस्कार आहेत. मी मागं बसले होते. लाजेनं मला पदर तोंडावर घ्यावा लागला.

पहिले पंधरा दिवस मला वाटायचं की त्यांना सगळं कळलंय आणि ते मुद्दाम टोमणे मारतात. मी त्यांना खोदून खोदून विचारलं, वेडंवाकडं बोलून पाहिलं, रात्री नीट झोपतात का तेही पाहिलं. काही नाही. तो माणूस खरंच सुखात होता. मग मी ठेचा परत सुरू केला. दुसरं काय करणार होते? दोनदा सांगायचं म्हणून खोलीत गेले आणि केर काढून परत आले.

धुऱ्याचे दगड मात्र आम्ही दोघांनीही हलवले नव्हते. डॉक्टर विचारायचे, काढले का हो ते, मी म्हणायची, काढतो, काढतो. कसे काढणार? मोजणीवाले येतील तेव्हा दगडच साक्षीला. ज्यानं दगड हलवला त्याचा दावा बुडाला, हे दिरांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

महाशिवरात्र झाली. प्लास्टर निघालं, काठीही सुटली. एका शनिवारी सकाळी चहा पिताना डॉक्टर म्हणाले की उद्या उडायला जाणार. मी म्हटलं, एवढ्या लवकर नका जाऊ. हसले. म्हणाले, "पडीतावरून आता विजेची तार गेलीय, तिथं उतरता यायचं नाही. तुमच्याच पट्ट्यात येतो. फक्की पुसट झालीय, पण मला जागा पाठ आहे. दगड काढलेत ना?"

"हाव," मी म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं.

दुपारपर्यंत मी अंगणवाडीत पोरांना तेच ते गाणं चारदा म्हणायला लावलं. मनाला म्हणत होते, पडले तर पडले, आपण काय उडा म्हटलं? मग वाटायचं, दुसरा पाय. किंवा मान. शेवटी मदतनीस बाईवर पोरं सोपवली आणि घरी आले. डॉक्टर गच्चीवर कापडाची एकेक दोरी तपासत बसले होते. मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि एका दमात सांगून टाकलं. पट्टा तुमच्यासाठी नव्हता. एक रेघ माझी, एक दिरांची. दोघांना एकमेकांचं वावर पाहिजे होतं. दगड आहेत तिथंच आहेत.

डॉक्टरांच्या हातात दोरी होती, ती त्यांनी तशीच धरून ठेवली.

"आणि तुम्ही दोघं हात हलवत होतात ते?"

"तुम्हाले हाकलून राह्यलो होतो."

"बाकीच्या लोकांनी आखलं होतं ते?"

"ज्याच्या त्याच्या धुऱ्यासाठी."

"सरपंच म्हणाले होते ते?"

"तेही तसंच."

"म्हणजे त्यातलं एकही माझ्यासाठी नव्हतं," ते म्हणाले. मी नाही म्हटलं. त्यांनी वहीची मागची पानं काढली. आपल्याला मदत करणाऱ्या गावकऱ्यांची नावं त्यांनी तिथं लिहून ठेवली होती, सगळ्यात वर माझं आणि दिरांचं. ती पानं त्यांनी फाडली नाहीत की काही नाही, नुसती पाहिली आणि वही मिटली. मग खाली गेले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या खोलीला आतून कडी लागल्याचा आवाज आला.

मी तशीच उठून दिरांच्या दारात गेले. पाच वर्षांनी त्या उंबऱ्यावर पाय ठेवला. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "दगड काढले तं मोजणीवाल्याले काय दाखवू आपण?" मी म्हटलं, काही नाही दाखवायचं. ते उगाच इकडं तिकडं बघत राहिले. मग कोपऱ्यातली पहार उचलली आणि म्हणाले, "चाल."

दिवस मावळेपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून आम्ही दगड उकरत होतो. सासऱ्यांनी काय खोल रोवले होते! दिरांनी बैल आणून वखर फिरवला, गवत गेलं, रान सपाट झालं. धुरा कुठं होता ते आता आम्हालाही सांगता आलं नसतं. मग दोघांनी मिळून फक्की मारली. त्यांनी दोरी धरली, मी डबा धरला. दोन रेघा, एकदम सरळ. कोणीही आपल्याकडं ओढलं नाही. मधेच मी डॉक्टरांना फोन लावला, पण उचलला नाही. ते पहिल्या एसटीनं वर गेले होते.

दहाच्या सुमाराला निळं-केशरी घाटावरून सुटलं. आम्ही पट्ट्याच्या दोन टोकांना उभे राहिलो. ते वर गेले, लांबवर गेले, परत आले. मग खाली खाली येत आमच्या डोक्यावर आले. इतके खाली की मला त्यांच्या बुटांचे तळवे दिसत होते, आणि ते यंत्र रडका सूर काढत होतं तेही ऐकू येत होतं. मी दोन्ही हात हलवले, या म्हणून. दीर हात हलवत होते. त्यांनी पट्ट्यावर एक घिरटी मारली. दुसरी मारली. खाली वाकून पाहिलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मग त्यांनी एका बाजूची दोरी ओढली, पट्ट्यावरून सरळ पुढं गेले आणि नाल्यापलीकडं तूर कापलेल्या रानात उतरले.

तुरीचे खुंट भाल्यासारखे असतात. मी पळत सुटले, चप्पल कुठं गेली ते कळलं नाही. मोडलं काही नव्हतं. तळहात फाटले होते, पोटरीतून रक्त येत होतं, आणि पंखाला वीत-वीत दोन भोकं पडली होती. डॉक्टर खाली बसून खुंटात अडकलेलं कापड हळूहळू सोडवत होते.

मला श्वास घेता येईना. मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, काऊन नाही उतरले? दगड काढले आमी दोघांनी. रात्रंदिवस खपलो. आजचा पट्टा तुमच्यासाठीच होता. देवाशपथ."

दीर मागून येऊन उभे राहिले होते. त्यांच्या हातांना चुना होता, माझ्याही. डॉक्टरांनी आमच्या हातांकडं पाहिलं, मग चेहऱ्याकडं पाहिलं. मी दूधवाल्याकडं बघते तसं.

"असेल, ताई," ते म्हणाले. "पण मला वरून कसं कळणार?"

अगदी माझ्यासारखं बोलले.